मानमोडीची साथ व घरगुती कागद
(शके १८४०, इ. स. १९१८)

(१) प्रास्ताविक

जुन्या घराण्याचें दप्तर सोडून बसलें म्हणजे संशोधकाची दृष्टि प्रथम कोठें जाते हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. सनद, इनामपत्र, महजर, निवाडपत्र किंवा एखादें राजकीय पत्र हातीं लागलें कीं दिवसाचें सार्थक झालें असें वाटतें. त्याच रुमालाच्या तळाशीं असलेला किराण्याचा हिशेब, काढ्याचें टिपण, पंचांगाच्या कडेस लिहिलेली ओळ, आप्तांचें क्षेमकुशल विचारणारें पोस्टकार्ड, हे कागद बहुधा पुन्हां जसेच्या तसे बांधून ठेवले जातात. आणि वाडा विकावयाचा झाला म्हणजे रद्दीच्या वाटेस लागतात. ह्या दुसऱ्या वर्गांतील कागदांचा एक विशिष्ट उपयोग वाचकांच्या नजरेस आणावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

शके १८४० मधील इन्फ्ल्युएंझाच्या साथींत कुटुंबाचें संरक्षण करणें सरकारच्या आटोक्यांत नव्हतें व दवाखान्यांच्याहि आटोक्यांत नव्हतें. तें काम घरांतल्या माणसांनीं, त्यांतहि मुख्यतः बायकांनीं, केलें. ज्यांनीं तें केलें त्यांचा उल्लेख सरकारी दप्तरांत नाहीं. असलाच तर तो घरच्या कागदांत आहे, आणि ते कागद दरवर्षीं कमी होत आहेत.

(२) साथीचा क्रम

इ. स. १९१८ च्या ज्येष्ठांत ही साथ मुंबईस प्रगट झाली. ता. १० जून रोजीं सात पोलीस शिपाई, ज्यांपैकीं एक गोदीवर पहाऱ्यास होता, तापानें आजारी म्हणून दवाखान्यांत आणले गेले. ताप हिंवतापाचा नव्हता. महायुद्धामुळें बंदरांत लष्करी जहाजांची सारखी ये-जा होती, व रोग त्याच मार्गानें आला असें शहराचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांचें मत पडलें. पुढें गिरण्या, कचेऱ्या, टपाल, आगगाडी, सर्वत्र माणसें अंथरुणास खिळलीं. तथापि ह्या पहिल्या लाटेंत मृत्यु त्या मानानें थोडे होते. लोकांनीं तिला 'तीन दिवसांचा ताप' समजून सोडून दिलें, तें त्या वेळच्या माहितीप्रमाणें फारसें चुकलेंहि नाहीं.

दुसरी लाट सप्टेंबरांत आली, ती मात्र निराळी होती. मुंबईंत ता. ६ आक्टोबर १९१८ ह्या एका दिवशीं ७६८ मृत्यूंची नोंद आहे. हा दिवस घटस्थापनेच्या आगेमागेचा. म्हणजे पितृपक्ष संपतां संपतां रोगाचा कळस झाला, व नवरात्र आणि दसरा त्याच्या छायेंत गेले. शहरांतून आगगाडीच्या मार्गानें रोग देशावर, खानदेशांत व वऱ्हाडांत पसरला. दिवाळी होऊन ११ नोव्हेंबर रोजीं युद्ध थांबलें, त्या वेळीं कित्येक खेडीं अजून साथीच्या तडाख्यांतच होतीं.

त्याच वर्षीं पाऊस फसला होता. खरीप बुडालें, धान्य महागलें, वैरण मिळेना. युद्धामुळें पुष्कळ डॉक्टर परदेशीं गेलेले होते. उपासमार, महर्गता व रोग हीं तिन्ही एकाच ऋतूंत एकत्र आलीं. सर्व हिंदुस्थानांत किती माणसें दगावलीं ह्याविषयीं मतभेद आहे. आरंभींचा सरकारी अंदाज सुमारें ६० लाखांचा होता. पुढील अभ्यासकांनीं केलेले बहुतेक अंदाज १ कोटि २० लाखांपासून १ कोटि ८० लाखांपर्यंत जातात. एकट्या मुंबई इलाख्यांत सुमारें दहा लाख माणसें गेलीं. इलाखा व मध्यप्रांत-वऱ्हाड ह्यांस सर्वांत अधिक झळ लागली; पूर्वेकडे जातां जातां रोगाचा जोर ओसरला. आजच्या भारताच्या सीमांनुसार हिशेब केला असतां १९११ पासून १९२१ पर्यंतचें एकच दशक असें निघतें कीं, ज्यांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली.

(३) नांवाविषयीं

महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांत ही साथ 'मानमोडी' ह्या नांवानें स्मरणांत राहिली. अंग मोडून येणें, मान वर न उचलणें व दोन-तीन दिवसांत माणूस आडवा होणें, हीं लक्षणें ह्या एका शब्दांत आलीं आहेत. जुन्नरजवळील मानमोडी डोंगर व त्यांतील लेणीं ह्यांचें नांव ह्या साथीहून पुष्कळ जुनें असल्यामुळें दोहोंचा संबंध जोडण्याच्या मोहांत कोणीं पडूं नये. उलट पक्षीं, एखाद्या घरगुती टिपणांत 'मानमोडी' शब्द आला म्हणजे तो शके १८४० चाच असेंहि धरूं नये. तिथि, शक व संवत्सर पाहूनच निर्णय करावा. इन्फ्ल्युएंझाची एक जागतिक साथ १८९० च्या आरंभींहि हिंदुस्थानांत येऊन गेली होती, हें लक्षांत असावें.

(४) सरकारी नोंदी व त्यांची मर्यादा

गांवच्या जन्ममृत्यूची नोंद त्या काळीं पाटलाकडे असे. तींत मृत्यूचीं कारणें ठराविक सदरांखालीं लिहावयाचीं: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, अपघात व इतर. इन्फ्ल्युएंझाचें सदरच नव्हतें. म्हणून मानमोडीनें मेलेला मनुष्य बहुतेक 'ताप' ह्या सदरांत गेला व कांहीं 'श्वासाचे विकार' ह्यांत. लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासकांस मग मागील वर्षांची सरासरी काढून, तीहून जास्त झालेले मृत्यु साथीच्या नांवें धरावे लागले. शिवाय पाटील स्वतः आजारी, कुळकर्णी अंथरुणावर, अशी स्थिति असतां नोंदी मागाहून केल्या गेल्या किंवा मुळींच केल्या गेल्या नाहींत. नोंद नाहीं म्हणून मृत्यु नाहीं, असा अर्थ ह्या पुस्तकांवरून काढणें धोक्याचें आहे.

तरीहि ह्या नोंदींतून दोन गोष्टी निर्विवाद निघतात. पहिली, म्हातारे व तान्हीं मुलें ह्यांपेक्षां वीस ते चाळीस वर्षांचीं कर्तीं माणसें अधिक प्रमाणांत गेलीं. दुसरी, हिंदुस्थानांत पुरुषांपेक्षां स्त्रियांचें मृत्युप्रमाण अधिक होतें. ह्याचीं कारणें अभ्यासकांनीं दोन दिलीं आहेत: स्त्रियांच्या वांट्यास येणारें निकस अन्न, आणि आजाऱ्याची शुश्रूषा. इ. स. १८९७ च्या प्लेगांत रुग्णांची सेवा करतां करतां ता. १० मार्च रोजीं पुण्यास सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला. त्यांचें नांव इतिहासांत राहिलें. शके १८४० च्या आश्विनांत त्याच कारणानें गेलेल्या लक्षावधि बायकांचीं नांवें त्यांच्या घराबाहेर कोणास ठाऊक नाहींत.

आणखी एक आंकडा येथें देणें अवश्य आहे. मुंबई शहरांत ह्या साथीचे दर हजारीं मृत्यु असे: युरोपियन ८.३, पारशी ९.०, मुसलमान १९.२, सामान्य हिंदु १८.९, आणि तत्कालीन अहवालांत ज्यांस 'खालच्या जातींचे हिंदु' म्हटलें आहे त्यांचे ६१.६. रोग एकच, शहर एकच. फरक होता तो एका खोलींत किती माणसें निजतात, दूध व पांघरूण मिळतें कीं नाहीं, आणि एक माणूस आजारी पडला असतां दुसऱ्यास रोजगार सोडून घरीं बसतां येतें कीं नाहीं, ह्यांत. सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांच्या स्वयंसेवकांनीं चाळींतून औषधाबरोबर दूध व कांबळीं वांटलीं, तीं ह्याच जाणिवेनें.

(५) घरानें केलेले उपाय

कुटुंबांनीं साथीपुढें काय केलें, ह्याचा विचार करतांना तीन निरनिराळ्या परंपरा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात.

पहिली शास्त्रीय वैद्यकाची. एका प्रदेशांतील सर्व प्रकृतींच्या माणसांस एकाच वेळीं एकच रोग कां होतो, हा प्रश्न चरकसंहितेच्या विमानस्थानांत जनपदोद्ध्वंस ह्या प्रकरणीं घेतला असून वायु, उदक, देश व काल ह्यांचें दूषित होणें हें त्याचें कारण दिलें आहे. सुश्रुतसंहितेंत निदानस्थानाच्या कुष्ठप्रकरणीं याहून अधिक नेमकें विवेचन आहे: अंगाचा स्पर्श, जवळून लागणारा श्वास, एकत्र भोजन, एकत्र शयन व आसन, दुसऱ्याचीं वस्त्रें व माळा ह्यांच्या द्वारें कुष्ठ, ज्वर, शोष व नेत्राभिष्यंद हे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातात. शके १८४० मध्यें वैद्यांनीं ह्या रोगाची गणना वातश्लेष्मज्वरांत केली. नव्या ज्वरांत प्रथम लंघन, मग पेज, पिण्यास ऊन पाणी, ही चरकोक्त चिकित्सा असून सुंठ, मिरी, पिंपळी व तुळस ह्यांचे काढे घरोघर माहीत होतेच.

दुसरी परंपरा गांवगाड्याची. रोग हा गांवावर आलेला कोप समजून मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेणें, हा तिचा ठरलेला विधि. गाडा ओढण्यास सारा गांव जमे. आणि श्वासानें पसरणाऱ्या रोगांत जमाव हाच मुख्य धोका असतो, हें आज आपणांस समजतें.

तिसरी परंपरा अगदीं ताजी, वीस वर्षांच्या प्लेगच्या अनुभवाची. १८९६ पासून लोकांनीं एक धडा घेतला होता: उंदीर पडूं लागले कीं घर सोडावें व माळावर झोपड्या घालून राहावें. प्लेगांत तो उपाय खरा ठरे, कारण रोगाचें मूळ घरांतील उंदीर व पिसवा ह्यांत असे. मानमोडीचें बीज माणसाच्या श्वासांतच असल्यानें कुटुंब माळावर गेलें कीं रोगहि बरोबर जाई. लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत ताप येतो, आणि ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच मनुष्य दुसऱ्यास रोग देऊं शकतो. म्हणून झोपडी बांधून होईपर्यंत घरांतील दुसरा मनुष्य आजारी पडलेला असे. तथापि उघड्या हवेंत निजण्यानें कांहीं लाभ निश्चित झाला. आरोग्यखात्यानेंहि गर्दी टाळा, मोकळ्या हवेंत निजा, परमँगनेटच्या पाण्यानें गुळण्या करा, असाच उपदेश केला. प्लेगच्या वेळीं सक्तीनें घरें तपासण्याचा परिणाम ता. २२ जून १८९७ रोजीं पुण्यास रँडवर गोळी झाडण्यांत झाला होता. १९१८ मध्यें सरकारनें तो मार्ग पुन्हां धरला नाहीं. राहिला तो उपदेश.

ह्या सर्व उपायांचा आज निवाडा करावयाचा तर तो असा होतो. काढ्यानें रोगाचें बीज मरत नव्हतें. त्या वेळीं विलायती पद्धतीच्या डॉक्टरांपाशींहि त्यास औषध नव्हतें. १८९२ पासून फायफर ह्या जर्मन शास्त्रज्ञानें दाखविलेला जंतु हेंच रोगाचें कारण मानलें जाई व लशी त्याच समजुतीवर तयार झाल्या. परंतु खरें कारण विषाणु असून तो मनुष्याच्या रोगांतून प्रथम १९३३ मध्यें लंडन येथें वेगळा करण्यांत आला. विषाणूनें फुप्फुसें दुबळीं झाल्यावर इतर जंतूंमुळें जो न्युमोनिया होई त्यानें बहुतेक मृत्यु घडले, आणि त्यावर चालणारीं जंतुघ्न औषधें तेव्हां अस्तित्वांत नव्हतीं. अशा स्थितींत आजाऱ्यास वांचविणारें एकच साधन उरलें होतें: अंथरूण, ऊब, वेळच्या वेळीं पाणी व पेज, आणि तीं हातांत देणारें माणूस. ज्या घरांत सर्वच एकदम पडलीं तेथें चुलीवर पाणी ठेवावयास कोणी उरलें नाहीं, आणि ज्या दुखण्यांतून एरवीं माणूस उठला असता त्यांतूनहि तो उठला नाहीं. म्हणून घरांतली शेवटची उभी असलेली बाई, किंवा दाराशीं पेजेचें भांडें ठेवून जाणारा शेजारी, ह्यांनीं वांचविलेल्या जीवांची गणना करतां आली तर ती कोणत्याहि औषधापेक्षां अधिक भरेल, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

(६) कागद कसे वाचावे

आतां संग्राहकांच्या उपयोगाचा भाग. ह्या साथीच्या दृष्टीनें पुढील पांच प्रकारचे कागद तपासण्याजोगे आहेत.

पहिला, घरखर्चाच्या वह्या. आश्विन-कार्तिक शके १८४० चीं पानें मागील वर्षाच्या त्याच महिन्यांशीं ताडून पाहावीं. सुंठ, साखर, दूध, सरपण, वैद्याची बिदागी, उत्तरकार्याचा खर्च, ह्यांत एकदम वाढ दिसली तर ती बोलकी समजावी. मध्येंच कांहीं दिवस कोरीं असलीं किंवा अक्षर बदललें असलें, तर लिहिणारा आजारी होता कीं गेला, हा प्रश्न विचारावा. संग्राहक बहुधा कोरें पान उलटून पुढें जातो. ह्या प्रकरणीं तेंच पान साक्षीदार आहे.

दुसरा, पंचांगें. जन्म, मृत्यु, आजार ह्यांची टिपणें पंचांगाच्या कडेस लिहिण्याची चाल सर्वत्र होती. जुनें पंचांग निरुपयोगी म्हणून टाकूं नये.

तिसरा, कुळवृत्तांत व वंशावळी. ज्या वंशावळींत मृत्यूचीं सालें दिलीं आहेत त्यांत शके १८४० हें साल किती वेळां येतें तें मोजावें. तरुण सुना व पहिल्या बायका ह्यांच्या नांवांपुढें तें विशेष पाहावें. पुष्कळ वंशावळींत स्त्रियांच्या मृत्यूचें साल दिलेलेंच नसतें. तेथें पुरुषाच्या दुसऱ्या विवाहाचें साल १९१९ किंवा १९२० असल्यास तोहि एक धागा होय.

चौथा, औषधींचीं बाडें व फुटकळ टिपणें. ह्यांत तिथि क्वचितच असते. कागदाचा प्रकार, शाई, मोडीचें वळण ह्यांवरून काल ठरवावा, आणि केवळ ज्वरावरचा काढा दिसला म्हणून तो मानमोडीचा ठरवूं नये.

पांचवा, पत्रें व वांटणीचे कागद. कर्ता पुरुष गेल्यावर अज्ञान मुलांचे पालक नेमणें, जमीन खंडानें देणें, कर्ज काढणें, असे व्यवहार १९१९ च्या सुमारास कां वाढले असावे ह्याचा उलगडा साथीच्या मृत्यूंवरून होऊं शकतो.

एका चुकीपासून सावध राहिलें पाहिजे. त्या वर्षींचा प्रत्येक मृत्यु मानमोडीनें झाला असें मानण्याकडे मनाचा कल होतो. बालकवि ठोंबरे ५ मे १९१८ रोजीं गेले ते आगगाडीच्या अपघातांत, साथ मुंबईस येण्यापूर्वींच. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं गेले ते क्षयानें. प्रसिद्ध पुरुषांविषयीं माहिती असल्यामुळें ही चूक होत नाहीं. अप्रसिद्धांविषयीं ती सहज होते.

याहून मोठी उणीव निराळी आहे. ज्या घरांत दर हजारीं ६१.६ माणसें गेलीं त्या घरांत वह्या नव्हत्या, वंशावळी नव्हत्या, पंचांगेंहि बहुधा नव्हतीं. केवळ कागदांवर विसंबून लिहिलेला ह्या साथीचा इतिहास हा कागद ठेवणाऱ्यांचा इतिहास होईल. म्हणून आजीनें सांगितलेली हकीकत, जात्यावरच्या ओव्या, वस्तीच्या कडेची एखादी अनामिक समाधि, ह्यांचीहि नोंद सांगणाराचें गांव व वय ह्यांसह करून ठेविली पाहिजे. साथ पाहिलेलीं माणसें आतां राहिलीं नाहींत. त्यांच्या तोंडून ऐकलेलीं अजून आहेत, तींहि वृद्ध झालीं आहेत.

(७) उपसंहार

जपून ठेवलेल्या क्षुल्लक वस्तूचें मोल काय असतें ह्याचा दाखला ह्याच रोगाच्या इतिहासांत आहे. १९१८ मध्यें मेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या फुप्फुसांचे लहान तुकडे मेणांत बसवून तेथील लष्करी संग्रहांत ठेविले होते. सुमारें ऐशीं वर्षें त्यांकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. ते, व अलास्कांतील गोठलेल्या भूमींत पुरलेल्या एका प्रेतांतील अंश, ह्यांवरून शास्त्रज्ञांनीं २००५ पर्यंत त्या विषाणूची संपूर्ण घडण उलगडली. कोणा एका कारकुनानें 'ह्याचा काय उपयोग' म्हणून ते तुकडे फेंकून दिले असते तर तें ज्ञान इतक्या नेमकेपणानें हातीं आलें नसतें.

हा विषय केवळ भूतकाळाचा नाहीं. त्याच वंशाशीं नातें सांगणारा नवा विषाणु २००९ मध्यें आला, आणि देशांतील त्याचा पहिला बळी ऑगस्टच्या आरंभीं पुण्यांत पडला. रोगाची तपासणी करणारी राष्ट्रीय विषाणु संस्थाहि पुण्यांतच, १९५२ पासून, काम करीत आहे. आपल्याकडे ह्या तापाचा जोर पावसाळ्यांत व पुन्हां थंडींत वाढतो. विषाणु रूप बदलीत असल्यामुळें लस दरवर्षीं घ्यावी लागते, व ती पावसाळ्यापूर्वीं घेणें इष्ट. वृद्ध, गरोदर स्त्रिया, सहा महिन्यांवरील लहान मुलें व जुन्या विकारांनीं पीडित माणसें ह्यांस ती विशेष आवश्यक आहे. विषाणूवरचें औषध आतां आहे, परंतु तें पहिल्या दोन दिवसांत वैद्यकीय सल्ल्यानें घेतल्यास अधिक लागू पडतें. मुलांस तापांत ॲस्पिरिन देऊं नये. धाप लागली किंवा ओठ निळे पडले तर घरीं थांबूं नये. बाकीचें मात्र शंभर वर्षांपूर्वींचेंच आहे: आजाऱ्याची खोली वेगळी, खिडकी उघडी, तोंडावर फडकें, हात धुतलेले, शुश्रूषेस शक्य तों एकच माणूस, आणि त्या माणसाच्या जेवणाची व झोंपेची काळजी दुसऱ्यानें घेतलेली. हा शेवटचा भाग शके १८४० मध्यें बहुतेक घरांतून सुटला, व त्याची किंमत घरच्या स्त्रियांनीं दिली.

ज्यांच्या संग्रहीं शके १८४० व १८४१ च्या घरगुती वह्या, पंचांगें, पत्रें किंवा टिपणें असतील त्यांनीं तीं टाकण्यापूर्वीं एकदां चाळावीं, तिथिवार नक्कल करून ठेवावी, आणि अशा कागदांची एक यादी तरी मंडळाकडे पाठवावी, अशी विनंति आहे. आपण इनामाचे कागद जपले, कारण त्यांवर जमिनीचा हक्क ठरत असे. ह्या कागदांवर कोणाचा हक्क ठरत नाहीं. ज्या बाईनें सात माणसांस पाणी पाजून आठवी स्वतः अंथरूण धरलें, ती होऊन गेली, एवढेंच त्यांवरून ठरतें.